गेलाऽऽऽ! पण कोण गेला?

(ज्यांना हेडफोन सापडत नाहीयेत किंवा ज्यांच्या हेडफोनचा एकच कान चालू आहे, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्चुअली' थोडे कमी केलेत. सगळे काढले असते तर भाग निम्माच उरला असता.)

बसमध्ये उभे असाल तर वरचा दांडा घट्ट धरा. भांडी घासत असाल तर नळ जरा बारीक करा. आणि मीटिंग चालू असताना एका कानात मला ऐकत असाल, तर अधूनमधून मान हलवत राहा. कुणाला काही कळत नाही. आणि हो, जे मला दीडपट स्पीडवर ऐकताय त्यांना एकच विचारते, बाबांनो, वाचवलेल्या त्या अकरा मिनिटांचं तुम्ही पुढे करता काय? रीलच बघता ना?

असो. आजचा विषय एका शब्दाचा आहे. तो शब्द म्हणजे "गेलाऽऽऽ!"

सीन डोळ्यांपुढे आणा. मॅच चालू आहे. तुम्ही फोनवर बघताय. बोलर अजून रनअपच्या टोकाला उभा राहून चेंडू पँटला घासतोय. आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून, भिंत फोडून आवाज येतो, "गेलाऽऽऽ!"

झालं. आता पुढचं अर्धं मिनिट तुमच्या आयुष्याला अर्थ नाही. कारण काहीतरी झालंय, ते सगळ्या सोसायटीला माहीत आहे, आणि तुमचा बोलर मात्र अजून पँटच घासतोय.

आणि त्यात आपली मराठी भाषा! इतकी समृद्ध भाषा, पण ऐन वेळी दगा देते. "गेला" म्हणजे कोण गेला? चेंडू गेला की बॅट्समन गेला? सिक्स बसली तरी "गेला", दांडी उडाली तरी "गेला", कॅच सुटला तरी "गेला रे गेला", आणि शेवटच्या ओव्हरला नेमकी लाइट गेली तर तिलाही आपण "गेली"च म्हणतो. इंग्रज माणूस निदान 'आउट' किंवा 'सिक्स' असं काहीतरी ठरवून ओरडतो. आपण फक्त जाण्याची बातमी देतो. कोण गेलं ते ज्याचं त्याने ओळखायचं.

मग आपण काय करतो? आवाजाचा अभ्यास. "एऽऽऽ" असा वर चढत गेला तर आपल्या बाजूचं काहीतरी आहे. "अर्रर्रर्र" असा घसरत आला तर कॅच सुटलाय. "अरे काय हे!" आलं तर समजायचं की आपला सेट झालेला बॅट्समन तो फालतू शॉट खेळलाय. आणि आवाजानंतर खुर्ची सरकल्याचा आणि पाण्याचा माठ उघडल्याचा आवाज आला तर मॅच हातातून गेली. एवढा अभ्यास आपण बारावीला केला असता तर आज हा पॉडकास्ट मी लॉनवर बसून रेकॉर्ड केला असता, कपाटात उशा लावून नाही.

बरं, शेजाऱ्यांना बोल लावून उपयोग नाही, कारण खरा चहाडखोर आपल्या हातातच असतो. फोनवर व्हिडिओ चालू आहे. बोलर धावतोय. आणि त्याच फोनच्या वरच्या पट्टीतून स्कोअरच्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन खाली सरकतं: विकेट! म्हणजे बघा, एकच फोन, एकच बॅटरी, एकच डेटा पॅक. त्यातलं एक अ‍ॅप म्हणतंय अजून चेंडू पडलेला नाही, आणि दुसरं म्हणतंय तो बॅट्समन पॅव्हेलियनच्या पायऱ्या चढतोय. आपल्या घरातली दोन माणसं पाहुण्यांना दोन वेगवेगळी कारणं सांगतात ना, तसं.

आणि नोटिफिकेशन बंद केलं तरी फॅमिली ग्रुप आहेच. त्यावर एक काका असतात. वर्षभर 'शुभ सकाळ'च्या पलीकडे एक अक्षर लिहीत नाहीत. पण मॅचच्या दिवशी त्यांचा केबल टीव्ही तुमच्या फोनच्या पुढे असतो आणि त्यांचा अंगठा त्यांच्या केबलच्याही पुढे. "गेला." एवढंच. पूर्णविरामासकट. उद्गारचिन्ह नाही, इमोजी नाही. आता यावरून कसं ओळखायचं?

पण मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते अंधश्रद्धांचं. म्हणजे आपल्या सामन्याच्या श्रद्धांचं हं, बाकीचं मी बोलत नाहीये. आपल्याकडे प्रत्येक घरात मॅच जिंकण्याची जबाबदारी वाटून दिलेली असते. बाबांनी दाराजवळच्या खुर्चीतच बसायचं. दादाने तो निळा टीशर्ट धुवायचा नाही. आईने स्वयंपाकघरातच थांबायचं, कारण ती बाहेर आली की विकेट पडते असं एकदा २०११ च्या आसपास सिद्ध झालेलं असतं आणि तेव्हापासून त्या बिचारीने फक्त कुकरच्या शिट्ट्या बघितल्यात. कुणाला लागली तरी कुणी जागचं हलायचं नाही. आजीने देव पाण्यात घालून ठेवलेले.

आता विचार करा. तुम्ही श्वास रोखून, बोटं गुंतवून, एका पायावर उभे राहून म्हणताय, "पडू दे, पडू दे, कॅच पडू दे." पण तो कॅच तिकडे मैदानावर अर्ध्या मिनिटापूर्वीच पकडून झालाय. फील्डरने मिठ्या मारून झाल्यात. तुमच्या एका पायाचा काहीही उपयोग नाही! देवसुद्धा पाण्यातून वर बघून म्हणत असतील, "आजी, मॅच संपली हो, मला काढा, सर्दी होईल."

तर हा उशीर होतो कशामुळे? मला वाटायचं, सिग्नल सॅटेलाइटपर्यंत जातो आणि परत येतो म्हणून. तर मंडळी, सॅटेलाइट बिचारा निर्दोष आहे. टीव्हीचे हे उपग्रह पृथ्वीपासून साधारण ३६,००० किलोमीटरवर असतात. म्हणजे जाऊन-येऊन झाले ७२,००० किलोमीटर. सिग्नल जातो प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. तुम्हीच भागाकार करा. पाव सेकंद. फक्त पाव सेकंद! अंतराळात जाऊन परत यायला पाव सेकंद, आणि आपल्या पलंगावर पोहोचायला अर्धं मिनिट. अगदी मुंबई-पुणे प्रवासासारखं. एक्स्प्रेसवे सुसाट आणि मग चांदणी चौकापासून घरापर्यंत पाऊण तास.

खरा वेळ जातो तो पंगतीत. सांगते कसं ते. मॅचचा व्हिडिओ इंटरनेटवर येतो तो सलग नळासारखा नाही. त्याचे आधी काही-काही सेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जात तयार करतात. ज्याचं नेट झकास त्याला चकचकीत, ज्याचं नेट रडतंय त्याला जरा धुरकट. मग हे तुकडे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर जातात आणि तिथून आपला फोन ते एकेक करून मागवतो. आता आपला फोन असतो जरा भित्रा. तो म्हणतो, एक तुकडा आला की लगेच दाखवायला घेतला आणि पुढचा वेळेवर आलाच नाही तर? मधेच ते गोल-गोल फिरायला लागलं तर ही बाई मला उशीवर आपटेल. म्हणून तो दोन-चार तुकडे आधीच पोटात भरून घेतो आणि मगच दाखवायला सुरुवात करतो.

लग्नाच्या पंगतीत वाढपी येतो आणि तुम्ही एक पुरी खात असताना आणखी तीन पुऱ्या ताटात टाकून जातो ना, तेच हे. ताट कधी रिकामं पडत नाही. फक्त आपण जी पुरी खातो ती कधीच गरम नसते.

म्हणजे हा उशीर काही निव्वळ चूक नाहीये. आपल्यालाच मधे अडकलेलं चालत नाही, म्हणून तो उशीर मुद्दाम ठेवलाय. न अडकता बघायचंय? बघा. पण शिळं बघा. आणि प्रत्येकाचा फोन वेगळा, नेट वेगळं, सुरू केल्याची वेळ वेगळी, म्हणून प्रत्येकाचा शिळेपणाही वेगळा. कुणी वीस सेकंद मागे, कुणी चाळीस. तसं हे आपल्या स्वभावाला शोभूनच आहे म्हणा. आपणही टॉवेलवर उभे राहून फोनवर सांगतोच की, "अरे निघालोच, पाच मिनिटांत पोहोचतो." आपला फोन तेवढंच करतो. लाइव्ह, लाइव्ह म्हणतो आणि अजून टॉवेलवर असतो.

आता एक आकडा सांगते. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, वर्ल्ड कपची फायनल. आपल्या २४० रन्स, समोर ट्रॅव्हिस हेड. पुढचं मी बोलणार नाही, काही जण नुकतेच सावरलेत. पण त्या दिवशी एका अ‍ॅपवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख लोक मॅच बघत होते. एकाच वेळी! मला या शब्दाची फार गंमत वाटते. कारण त्या जवळजवळ सहा कोटी लोकांपैकी एकाच क्षणी एकच चेंडू बघणारे किती असतील? सगळे एकाच मॅचला होते, पण जो तो आपापल्या घड्याळात. त्या रात्री रडायलासुद्धा आपण एका वेळी नव्हतो. शेजारच्या खोलीतला आधी रडला, आपण नंतर.

याच्या उलट बघा. २ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला वर्ल्ड कपची फायनल. पावसामुळे मॅच उशिरा सुरू झाली, संपता संपता मध्यरात्र झाली. दीप्ती शर्माचा चेंडू, हरमनप्रीतने मागे धावत जाऊन घेतलेला कॅच, आणि आपण ५२ रन्सनी चॅम्पियन. आमची सांगलीची स्मृती मानधना त्या टीममध्ये. 'आमची' म्हणायला मी सांगलीची नाहीये, पण त्या रात्रीपुरतं सगळं महाराष्ट्र सांगलीचं होतं.

तर त्या स्टेडियमपासून एक किलोमीटरवर कुणी खिडकी उघडी टाकून मॅच बघत असेल, तर त्याला काय झालं असेल सांगा. आवाज हवेतून जातो सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे एक किलोमीटर यायला तीनेक सेकंद. आणि फोनवर यायला अर्धं मिनिट. म्हणजे नुसता ओरडा, हवेतून रमतगमत, कुठलाही डेटा पॅक न मारता, इंटरनेटच्या आधी घरात पोहोचला! अर्ध्या मिनिटात आवाज दहा किलोमीटर जातो. इतक्या लांबवर ऐकू येत नाही हे खरं, पण हिशोबाने तो नेरुळहून निघून वाशीची खाडी गाठतो, आणि तेवढ्या वेळात आपला फोन दीप्तीला अजून रनअपवर उभं करून ठेवतो. फाइव्ह-जी, फाइव्ह-जी म्हणून आपण पैसे मोजतो, आणि शर्यत जिंकतो तो माणसाचा घसा.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई आता "आमच्या काळी" सुरू करणार. मी करणार नाही, कारण माझा काळ अजून चालूच आहे. पण घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं सांगते. तेव्हा मॅच म्हणजे रेडिओ. बाळ ज. पंडित यांनी मराठीतून क्रिकेटचं धावतं वर्णन लोकांच्या घरात नेलं. पानाच्या टपरीवर ट्रान्झिस्टर, त्याच्याभोवती दहा डोकी, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक सायकलवाला पाय टेकून एकच प्रश्न विचारणार, "स्कोअर काय झाला?" हा प्रश्न आता मेला बघा. आता अनोळखी माणसाला स्कोअर विचारला तर तो आपल्याकडे असं बघेल, जणू आपण त्याच्याकडे किडनी मागितली.

१९८३ चं बघा. १८ जूनला टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध कपिल देव नाबाद १७५. टीम होती ५ बाद १७! आणि त्या खेळीचं चित्रीकरणच झालं नाही. कॅमेराच नव्हता. एक सेकंदाचा व्हिडिओ उपलब्ध नाही. तरीही ती खेळी प्रत्येक घरातल्या एका तरी काकांनी 'बघितलेली' आहे आणि दर दिवाळीला ते ती पुन्हा खेळून दाखवतात, हातात लाटणं घेऊन. नंतर २५ जूनला लॉर्ड्सवर फायनल. आपण सगळे बाद १८३, वेस्ट इंडिज १४०. ती टीव्हीवर दिसली, पण टीव्ही होते किती? चाळीत एक, वाड्यात एक. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळा मजला. पुढे लहान मुलं, मागे मोठी माणसं, दारात चपलांचा डोंगर, आणि गच्चीवर एकजण अँटेना धरून, "आता दिसतंय का? आता?" त्या बिचाऱ्याला एकही चेंडू दिसला नाही. पण ओरडा मात्र त्याने सगळ्यांच्या बरोबरच ऐकला.

हे मला महत्त्वाचं वाटतं. तेव्हा चित्र वाईट होतं, मुंग्या यायच्या, आवाज जायचा. पण जे काही दिसायचं ते सगळ्यांना एकदम दिसायचं.

आणि हे फक्त क्रिकेटचं नाही हं. घरातली सिरियल घ्या. आई टीव्हीवर रात्री आठला बघते. मावशी तोच भाग अ‍ॅपवर आधीच बघून मोकळी होते. मग मावशीचा फोन, "अगं, आज त्या सुनेने काय केलं माहितीये का..." आणि इकडून आईची किंकाळी, "सांगू नकोस! सांगितलंस तर दिवाळीला येणार नाही!" दोन सख्ख्या बहिणी. आयुष्यभर एका ताटात जेवल्या. आणि एका सिरियलने दोघींना दोन वेगवेगळ्या दिवसांत राहायला पाठवलं.

विनोदाचंही तेच. आपण फोनवर विनोदी क्लिप बघतो, चेहरा असा, जणू वीज बिल वाचतोय. आणि त्याच चेहऱ्याने पुढे पाठवताना लिहितो, "मेले मेले हसून!" सोबत रडत-हसणाऱ्या सात इमोजी. आता तुम्ही पुण्यात बालगंधर्वला एखाद्या नाटकाला जाऊन बसा. १९६८ पासून उभं आहे ते नाट्यगृह, वडा खायलाच लोक जातात असं काही जण म्हणतात, तर वडाही खा. पण आत बसल्यावर बघा. नटाने एक वाक्य टाकलं की सगळं थिएटर एकदम हसतं. कोपऱ्यातल्या एखाद्या आजोबांना विनोद उशिरा कळतो आणि ते सगळे थांबल्यावर एकटेच हसतात, मग त्यांच्या हसण्यावर सगळे पुन्हा हसतात. जे वाक्य घरी मोबाईलवर ऐकून आपल्या ओठाची कडही हलली नसती, त्याला तिथे आपण गुडघ्यावर थाप मारतो. विनोद तोच, वाक्य तेच. शेजारचा हसतोय म्हणून आपणही हसतो, एवढाच फरक.

बरं. आता मी तुम्हाला २९ जून २०२४ च्या रात्रीचं सांगते. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, बार्बाडोस. आम्ही चौघी कर्वेनगरला एका फ्लॅटमध्ये राहायचो. टीव्ही नव्हता, पण फोन चार. आणि चौघींचे चार फोन चार वेगवेगळ्या काळात. एकीचं वायफाय, दोघींचा डेटा, चौथीचा लॅपटॉप. एकाच खोलीत विराट एकच सिक्स चार वेळा मारायचा. पहिली ओरडायची, मग दुसरी, मग तिसरी, आणि चौथी म्हणायची, "शी! तुमच्यामुळे मला काही आनंदच होत नाही." शेवटी चौघींनी हेडफोन घातले. एका पलंगावर चार मुली, चार हेडफोन, आणि कुणी कुणाकडे बघायचं नाही असा करार.

पण वरच्या मजल्यावर एक आजोबा होते. त्यांचा केबलचा टीव्ही आमच्या चारही फोनच्या पुढे. आणि आवाज असा की हेडफोनच्या आत यायचा.

आफ्रिकेला हवे होते ३० चेंडूंत ३०. हाताशी सहा विकेट. क्लासेन असा मारत होता, जणू चेंडूने त्याचे पैसे बुडवलेत. आमच्यातली एक उशीत तोंड घालून बसलेली. आणि वरून आला, "गेलाऽऽऽ!"

चौघींनी हेडफोन काढले. कोण गेला? क्लासेन खेळत होता, म्हणजे चेंडूच गेला असणार. म्हणजे सिक्स. म्हणजे संपलं. तेवढ्या सेकंदांत आम्ही वर्ल्ड कप हरलो, एकमेकींचं सांत्वन केलं, एकीने तर "निदान फायनलला तरी आलो" हेही म्हणून टाकलं. आणि मग फोनवर हार्दिकचा चेंडू बाहेर गेला, बॅटची कड लागली, ऋषभ पंतच्या हातात. क्लासेन गेला होता!

आनंद झाला, नाही असं नाही. पण आधी हरून घेतल्यामुळे तो जरा पातळ झाला होता. आमच्यातली एक उठली, म्हणाली, "मी जाऊन सांगून येते त्यांना, जरा हळू ओरडा म्हणून." आम्ही तिच्या मागे जिन्यात.

आजींनी दार उघडलं. ही म्हणाली, "आजी, सॉरी हं, पण आजोबा ओरडतात ना, ते आम्हाला आधीच कळतं आणि आमच्याकडे मागाहून दिसतं, तर जरा..." आजी हसल्या. म्हणाल्या, "अगं, त्यांना सांगून उपयोग नाही. आधी आम्ही वाड्यात राहायचो ना. तिथे हे इकडून ओरडले की समोरून चार जण ओरडायचे. इथे येऊन दहा वर्षं झाली. अजून ओरडतात आणि थांबतात जरा, कुणी उत्तर देतंय का बघायला."

आतून आजोबा म्हणाले, "कोण आहे गं? आत घे त्यांना, पुढची ओव्हर बुमराची आहे! दारात उभं राहून काय बघणार?"

मग काय. चपला दारात. मी जमिनीवर, दोघी सोफ्यावर, एक आजींच्या शेजारी. आजोबांनी आम्हाला जागा ठरवून दिल्या आणि म्हणाले, "आता कुणी हलायचं नाही." आणि खरं सांगते, त्या घरात न हलण्याला जरा तरी अर्थ होता. बुमराने यान्सनची दांडी उडवली. मग शेवटची ओव्हर, १६ हव्यात, पहिल्याच चेंडूवर मिलरने उचलून मारला आणि आजोबा अर्धे उठून म्हणाले, "गेला..." आणि आम्हालाही वाटलं, गेला. सूर्यकुमारने तो सीमारेषेवर पकडला, रेषेबाहेर जाता जाता आत फेकला, परत आत येऊन पुन्हा पकडला. आणि मग थर्ड अंपायर बघत होता तेवढा वेळ त्या खोलीत सहा माणसं आणि एक पंखा, फक्त पंख्याचा आवाज. मग जे सगळे ओरडलो ना! खालून, समोरून, शेजारच्या बिल्डिंगमधून उत्तरं आली. आजोबा खिडकीत गेले आणि बाहेर बघत परत एकदा ओरडले. तेव्हा त्यांना काही सांगायचं नव्हतं कुणाला. सात रन्सनी जिंकलो आपण. आजींनी फ्रीजमधून श्रीखंड काढलं, रात्री साडेअकरा वाजता, सहा वाट्या, एक चमचा कमी पडला.

आता मी तुम्हाला असं सांगणार नाही की फोन फेकून द्या. मी पॉडकास्ट करते, तुम्ही फोन फेकलात तर मी जेवू काय? आणि हॉस्टेलवर, नाइट शिफ्टला, लोकलच्या दारात उभं राहून मॅच बघायला मिळते ती या फोनमुळेच. तिकडे अमेरिकेत पहाटेचा गजर लावून उठणाऱ्या आपल्या भावंडांनाही तोच आधार आहे. तर उपाय साधे सांगते, लिहून घ्या.

एक. मॅच सुरू व्हायच्या आधी स्कोअरच्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन बंद. फॅमिली ग्रुप म्यूट. काकांना वाईट वाटणार नाही, त्यांना म्यूट म्हणजे काय तेच माहीत नाही.

दोन. लांबच्या मित्राबरोबर व्हिडिओ कॉल लावून बघत असाल तर ज्याचा फोन पुढे आहे त्याने पॉज करायचं आणि मागच्याने "आता!" म्हटलं की सोडायचं. एका ओव्हरमध्ये दोघं एका चेंडूवर येता. मैत्रीत एवढं थांबायला हरकत नाही.

तीन. चार जण एका खोलीत असाल तर चार स्क्रीन नकोत. एकच लावा, सगळ्यात वाईट नेटवाल्याचा असला तरी चालेल. तो अडकला तर सगळ्यांचा एकदम अडकेल, सगळे मिळून शिव्या द्याल. त्यातही मजा आहे.

आणि चार. तुमच्या आधी ज्याला कळतं, ज्याच्या ओरडण्याने तुमचा रोज रसभंग होतो, त्याच्या दारावरची बेल एकदा वाजवून बघा. "हळू ओरडा" सांगायला गेलात तरी चालेल. बहुतेक आत बोलावतील. आणि नाहीच जमलं, तर निदान खालून उलटं ओरडा. तुमच्या फोनवर अजून काही दिसलेलं नसलं तरी ओरडा. वरच्या माणसाला काय माहीत तुमचा बोलर अजून पँट घासतोय ते.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या बिल्डिंगमध्ये, वाड्यात, हॉस्टेलच्या मजल्यावर सगळ्यात आधी ओरडणारं माणूस कोण आहे, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. नाव नको, नुसता मजला चालेल. आणि हा भाग त्यांना पाठवा. पाठवू नका, ऐकवा. स्पीकरवर. दीडपट स्पीडवर नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर जागचं कुणी हलू नका!